स्कोकहोमच्या सशांवर नसलेली पिसू

वेल्सच्या पेंब्रोकशर किनाऱ्यासमोर स्कोकहोम नावाचं एक लहानसं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम शंभर हेक्टर. तांबड्या वाळूखडकाचे कडे, वर वाऱ्याने झोडपलेलं आखूड गवत आणि त्या गवताखाली सशांची बिळं. याच बिळांत समुद्रपक्षीही अंडी घालतात. १९२७ साली रोनाल्ड लॉकली हा तरुण पक्षिनिरीक्षक हे बेट भाड्याने घेऊन तिथे राहायला गेला. बेटावर ससे हजारोंनी होते आणि सापळे लावून ते आटोक्यात येत नव्हते. १९३६ ते १९३८ या काळात त्याने केंब्रिजच्या प्रयोगशाळेतून आलेला एक विषाणू काही सशांना टोचला आणि त्यांना पुन्हा बेटावर सोडून दिलं. रोगाचं नाव मिक्झोमॅटोसिस. टोचलेले ससे मेले. त्यांच्या अगदी जवळच्या काहींना लागण झाली, तेही मेले. आणि तिथेच साथ विझली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा विझली. बाकीचे ससे मजेत चरत राहिले.

पंधरा वर्षांनी, १९५३ च्या शरदात, हाच रोग इंग्लंडमधल्या केंट परगण्यात ईडनब्रिज गावाजवळ दिसला. तिथे तो पसरावा म्हणून नाही, तर थांबावा म्हणून सरकारी माणसं धडपडत होती. रोगट भागाभोवती कुंपण घातलं, आतले ससे मारले, बिळं बुजवली. काही उपयोग झाला नाही. १९५५ संपेपर्यंत ब्रिटनमधल्या शंभरातल्या पंच्याण्णवहून अधिक सशांचा फडशा पडला होता.

एका ठिकाणी माणसाने जीव तोडून प्रयत्न केले तरी रोग पसरला नाही आणि दुसऱ्या ठिकाणी जीव तोडून प्रयत्न केले तरी तो थांबला नाही. प्राणिशास्त्राच्या वर्गात बाह्यपरजीवी शिकवायला घेताना मी वर्षानुवर्षं याच प्रकरणापासून सुरुवात करतो. गोचीड, पिसू, ऊ यांची चित्रं काढून भाग रंगवायला मुलं कंटाळतात. पण "बेटावर कुठे माशी शिंकली?" असं विचारलं की वर्ग जागा होतो. हवामान, वारा, सशांची प्रतिकारशक्ती, विषाणूचा कमकुवत वाण, अशी सगळी उत्तरं येतात. खरं उत्तर लांबीने एक मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि ते बेटावर नव्हतंच.

आधी दोन सशांमधला फरक

मराठीत 'ससा' हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांना लावतात, आणि या प्रकरणात त्यांची गल्लत करून चालणार नाही. आपल्या माळरानावर, तुरीच्या शेतात, रात्री गाडीच्या उजेडात उड्या मारत पळणारा तो लेपस वंशातला ससा. मानेवर काळा पट्टा असलेला भारतीय ससा म्हणजे लेपस निग्रिकोलिस. तो बीळ खणत नाही. गवतात अंगाने दाबून एक खळगा करतो आणि त्यात बसून राहतो. त्याची पिल्लं उघड्यावरच जन्मतात, अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच. 'ससेहोलपट' हा शब्द ज्याच्या धावपळीवरून आपल्या भाषेत आला तो हाच.

दुसरा युरोपातला, ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस. घरात पिंजऱ्यात पाळला जाणारा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा त्याचाच वंशज. हा रानात वसाहत करून जमिनीखाली बिळांत राहतो. पिल्लं उघडी, आंधळी, असहाय जन्मतात. मादी पोटावरचे केस उपटून त्यांच्यासाठी मऊ घरटं करते. भारताच्या रानात हा प्राणी नाही. या लेखापुरतं त्याला 'बिळससा' म्हणू आणि उघड्यावर राहणाऱ्याला 'रानससा'. बिळातलं ते केसांचं घरटं लक्षात असू द्या, पुढे सगळं त्याच्याभोवती फिरणार आहे.

विषाणू आणि तो आणणारी माणसं

हा विषाणू मूळचा दक्षिण अमेरिकेतला, देवीच्या विषाणूच्या मोठ्या घराण्यातला. तिथल्या सशांच्या त्वचेवर तो एखादी गाठ उठवतो, फार त्रास देत नाही. पण त्याची गाठ युरोपीय बिळसशाशी पडली की चित्र पालटतं. पापण्या सुजून डोळे मिटतात, नाका-डोळ्यांतून पू वाहतो, डोकं आणि गुदभाग सुजतात, आणि दोन आठवड्यांच्या आत ससा मरतो. १८९६ साली उरुग्वेमधल्या मोन्तेविदेओ शहरात जुझेप्पे सानारेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतले पाळीव ससे असे पटापट मेले, आणि रोगाची पहिली नोंद झाली.

१८९६ म्हटलं की आपल्याला मुंबईच्या मांडवीतला प्लेग आठवतो. हा योगायोग सालापुरताच असता तर मी तो इथे काढला नसता. पण या प्रकरणातल्या एका माणसाचा मुंबईशी खरोखर संबंध होता. लॉकलीला विषाणू मिळाला तो सर चार्ल्स मार्टिन यांच्या केंब्रिजमधल्या कामातून. ऑस्ट्रेलियातल्या सशांच्या उपद्रवावर इलाज म्हणून ते हा विषाणू तपासून बघत होते. हेच मार्टिन लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटचे संचालक असताना १९०५ साली मुंबईत कामाला लागलेल्या प्लेग आयोगाशी जोडलेले होते. आयोगाचं काम परळच्या प्रयोगशाळेत चाले, आज तिला आपण हाफकिन संस्था म्हणून ओळखतो. प्लेग झालेल्या घरांत गिनीपिगचे पिंजरे ठेवायचे, काहींच्या भोवती चिकट कागदाचा पट्टा अंथरायचा, इतका रुंद की पिसूला तो एका उडीत ओलांडता येऊ नये. चिकट पट्ट्याआडचे गिनीपिग वाचायचे, उघड्यावरचे मरायचे. उंदरावरची पिसू प्लेग पसरवते हे अशा साध्या, पक्क्या प्रयोगांनी सिद्ध झालं. पुढे १९१४ साली मार्टिन आणि आर्थर बॅकॉट या दोघांनी त्यातली शेवटची कडीही शोधली. प्लेगचे जंतू पिसूच्या अन्नमार्गात वाढून जठराच्या तोंडाशी बूच बसवतात, उपाशी पिसू पुन्हा पुन्हा चावते, आणि दर चाव्याला अडलेलं रक्त जंतूंसकट परत जखमेत ओकते.

पिसवांबद्दल इतकं जाणणाऱ्या माणसाचा विषाणू पिसू नसलेल्या बेटावर जाऊन थांबला, हे वाचताना मला दरवेळी हुरहूर लागते. त्यात मार्टिन यांना बोल लावण्यासारखं काही नाही. आजारी आणि निरोगी ससे एकत्र ठेवले की रोग लागतो हे त्यांना दिसत होतं, त्यामुळे स्पर्शाने पसरणारा रोग हा समज अगदी स्वाभाविक होता. ब्राझीलच्या आरागाओ यांनी पिसूमार्फत हा रोग नेता येतो हे प्रयोगात दाखवलं होतं खरं, पण रानात काय चालतं हे त्यावरून कळत नव्हतं.

ऑस्ट्रेलियाने चकवलं

केंटमध्ये रोग कसा पोहोचला याची सुरुवात फ्रान्समध्ये होते. पॅरिसच्या पश्चिमेला मेयब्वा इथे आर्मां-देलील नावाच्या निवृत्त डॉक्टरची भिंतीने बंदिस्त केलेली मोठी इस्टेट होती. सशांनी ती पोखरली होती. १४ जून १९५२ रोजी त्याने स्वित्झर्लंडमधल्या लोझानहून मागवलेला विषाणू दोन सशांना टोचून त्यांना सोडलं. भिंत आहे, बाहेर काय जाणार, हा त्याचा हिशेब. काही महिन्यांत रोग भिंतीपलीकडे गेला आणि दोन वर्षांत फ्रान्समधले बहुतेक रानटी बिळससे मेले. त्याच्यावर खटला झाला, किरकोळ दंड झाला, आणि पुढे काही शेतकी-वनखात्याच्या मंडळींनी त्याला पदकही दिलं. फ्रान्समधून रोग खाडी ओलांडून केंटमध्ये आला.

तोवर जगासमोर या रोगाचं एकच मोठं उदाहरण होतं, ऑस्ट्रेलियाचं. तिथे १८५९ साली व्हिक्टोरियातल्या एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेखातर इंग्लंडहून मागवलेले दोन डझन ससे सोडले होते, त्यांचे कोट्यवधी झाले. १९५० मध्ये मरे नदीच्या खोऱ्यात विषाणू सोडला. सुरुवातीला तिथेही काही होईना. मग पाऊस झाला, डास माजले, आणि नद्यांच्या काठाकाठाने साथ वणव्यासारखी गेली. विषाणुशास्त्रज्ञ फ्रँक फेनर यांनी मोजलं तेव्हा सुरुवातीच्या त्या साथीत लागण झालेल्या हजारातले दोनच वाचत होते. माणसांना हा रोग होईल ही लोकांची भीती घालवायला फेनर, बर्नेट आणि क्लूनिस रॉस या तिघा शास्त्रज्ञांनी विषाणू स्वतःला टोचून घेतला. तिघांनाही काही झालं नाही.

ऑस्ट्रेलियाचा धडा सरळ होता: डास हा वाहक, उन्हाळा हा हंगाम. त्यामुळे इंग्लंडमध्ये थंडी पडली की रोग थंडावेल अशी आशा होती. १९५३–५४ चा हिवाळा आला आणि रोग थंडावला नाही. केंटच्या गारठ्यात डास उडत नव्हते, तरी बिळामागून बिळं आजारी पडत होती. पुढे सरकायची चालही निराळी होती. ऑस्ट्रेलियात रोग एकदम मैलोगणती उडी मारायचा, इथे तो शेजारच्या बिळात, मग त्याच्या शेजारच्या बिळात, असा पायी चालल्यासारखा जात होता. मधूनच तो लांब कुठेतरी उगवे. त्यामागे बऱ्याचदा माणूस असे: आपल्या शेतातले ससे संपावेत म्हणून शेतकरी रोगट ससा गाडीत टाकून नेत. १९५४ च्या कायद्याने असा रोगट ससा वापरून रोग पसरवणं गुन्हा ठरवलं, पण तोवर ते देशभर झालं होतं.

एखाद्या रोगाचा वाहक ओळखायचा तर त्याचा हंगाम आणि त्याची चाल बघायची. थंडीत जगणारा, बिळात राहणारा, सशाच्या अंगाला चिकटून फिरणारा वाहक कोण? इंग्लंडच्या जवळजवळ प्रत्येक बिळसशाच्या कानावर तो बसलेला होता: स्पिलोप्सिलस क्युनिक्युलाय, सशाची पिसू.

आणि १९५५ मध्ये लॉकलीने जुना धागा जुळवला. स्कोकहोमच्या सशांवर पिसवाच नव्हत्या.

इथे एक शंका रास्त आहे, आणि ती विद्यार्थ्यांनी काढली की मला बरं वाटतं. बेटावरचा वाण आणि केंटमध्ये आलेला लोझानचा वाण एकच नव्हते, मग फरक वाणाचा कशावरून नाही? पण बेटावरही टोचलेला ससा मरत होता. विषाणू मारण्यात कमी पडला नाही, एका सशावरून दुसऱ्यावर पोहोचण्यात कमी पडला. आणि पोहोचवणं हे वाहकाचं काम आहे.

कानावर बसलेली पिसू

या विषाणूच्या बाबतीत पिसू प्लेगसारखं काही करत नाही. तिच्या पोटात विषाणू वाढत नाही, बूच बसत नाही. आजारी सशाच्या कानावर, पापणीवर ज्या सुजलेल्या गाठी येतात त्या विषाणूने भरलेल्या असतात. पिसूची सोंड त्या कातडीतून आरपार जाते आणि माखते. पुढच्या सशाला ती चावली की माखलेल्या सुईसारखं काम होतं, बस्स. पण ही सुई टिकाऊ आहे. थंड, दमट बिळात सशावाचून पडून राहिलेली पिसू तीन महिन्यांनंतरही रोग देऊ शकते. एक वसाहत पूर्ण मेली, काही आठवड्यांनी शेजारचा एखादा तरुण ससा रिकामं बीळ बघून आत शिरला, की अंधारात थांबलेल्या पिसवा त्याच्यावर चढतात. ससा मेला आणि अंग थंड पडू लागलं की त्या त्याला सोडतात, हेही तितकंच महत्त्वाचं. डास मेलेल्या सशाकडे फिरकत नाही. पिसू मात्र मरणाऱ्या सशावरून निघून पुढच्या सशाकडे जाते.

या पिसूची उडीही बघण्यासारखी. तिच्या छातीत रेझिलिन नावाच्या रबरासारख्या प्रथिनाची गादी असते. पिसू स्नायूंनी ती हळूहळू दाबते, खटका लावून धरते आणि सोडते. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात ती जमिनीवरून सुटलेली असते. १९६७ साली बेनेट-क्लार्क आणि ल्यूसी यांनी पिसूच्या उडीचं गणित मांडलं ते याच सशाच्या पिसूवर.

पण या किड्याची खरी गोष्ट उलगडली ती मिरियम रॉथ्सचाइल्ड यांच्यामुळे. या बाई बँकर घराण्यातल्या, कॉलेजची पदवी नसलेल्या. त्यांचे वडील चार्ल्स रॉथ्सचाइल्ड यांना पिसवांचा नाद. त्यांनी जगभरातून जमवलेल्या अडीच लाखांहून जास्त पिसवा ब्रिटिश म्युझियमला दिल्या. उंदरावरून माणसाला प्लेग देणारी ती पिसू, झेनोप्सिला किऑपिस, तिचं नाव १९०३ साली त्यांनीच ठेवलं, सुदानमध्ये मिळालेल्या नमुन्यांवरून. मुंबईत प्लेग पसरवणारी हीच. मुलीने पुढे वडिलांच्या संग्रहाची जंत्री करायला घेतली आणि तिचा पहिला खंड निघाला १९५३ मध्ये, केंटमध्ये रोग उगवला त्याच वर्षी.

अडचण अशी होती की सशाची पिसू प्रयोगशाळेत वाढेना. मांजराची पिसू, उंदराची पिसू कुठेही अंडी घालते. ही मात्र सशाच्या कानावर महिनोन् महिने बसे, रक्त पी, आणि अंडं म्हणून घालत नसे. १९६० मध्ये मीड-ब्रिग्ज आणि रज या दोघांनी दाखवलं की मादी पिसूची अंडी पिकतात ती फक्त गाभण सशावर. रॉथ्सचाइल्ड आणि त्यांचे सहकारी बॉब फोर्ड यांनी पुढच्या काही वर्षांत त्यामागची यंत्रणा उलगडली. मला हे जीवशास्त्रातल्या सर्वांत सुंदर निरीक्षणांपैकी एक वाटतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

बिळसशाची मादी महिनाभर गाभण असते. विण्याच्या दहा दिवस आधीपासून तिच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉइड संप्रेरकं चढू लागतात. कानावरच्या पिसूच्या पोटात ते रक्त जातं आणि तिची अंडी पिकायला लागतात. पिसूला स्वतःचा हंगाम नाही, तिने सशाचा हंगाम उसना घेतला आहे. मादी विते, पिल्लांना चाटून पुसते, वार खाते. तिचं तोंड पिल्लांच्या अंगाला लागत असतानाच कानावरच्या पिसवा चेहऱ्यावर उतरतात आणि तिथून पिल्लांवर. काही तासांत कान जवळजवळ रिकामे होतात. आंधळ्या, उघड्या पिल्लांच्या रक्तात वाढीचं संप्रेरक असतं. त्याने पिसवांना पुढचा इशारा मिळतो. आता त्या जुगतात, आणि त्या मऊ केसांच्या घरट्यात अंडी घालतात. आजवर एकही अंडं न घातलेल्या पिसवा नेमक्या त्याच ठिकाणी अंडी घालतात जिथे अळ्यांना ऊब आहे, अंधार आहे आणि खायला मोठ्या पिसवांनी टाकलेलं सुकं रक्त आहे.

मादी पिल्लांजवळ बसून राहत नाही. रात्रीतून एकदा येते, काही मिनिटं पाजते आणि जाते. तिच्या त्या येरझाऱ्यांत, दहा-बारा दिवसांत, मोठ्या पिसवा पुन्हा तिच्या अंगावर चढतात. तोवर ती बहुधा पुन्हा गाभण असते. अळ्यांच्या पिसवा होतात त्या सुमारास पिल्लं बीळ सोडून बाहेर पडायला लागलेली असतात. नवी पिसू, नवा ससा, दोघं एकत्रच बाहेर पडतात.

हे खरंच संप्रेरकांमुळे होतं का, की गाभण सशाच्या दुसऱ्या कशामुळे? त्यासाठी गाभण नसलेल्या सशांना ती संप्रेरकं टोचली. त्यांच्या कानावरच्या पिसवांचीही अंडी पिकली. एका प्राण्याच्या संप्रेरकांवर दुसऱ्या प्राण्याची वीण चालते हे इतक्या स्पष्टपणे पहिल्यांदाच दिसलं. आणि त्याचा एक व्यावहारिक उपयोग लगेच झाला: ही पिसू आता माणसाला वाढवता येऊ लागली. ऑस्ट्रेलियात बिळसशांवर ही पिसू नव्हती. १९६६ मध्ये ती तिथे नेली, वाढवली, आणि दोन वर्षांनी रानात सोडली, म्हणजे डास नसलेल्या भागांतही रोग चालता व्हावा. कोरड्या वाळवंटी भागात ती टिकेना, म्हणून पुढे १९९३ मध्ये स्पेनमधली दुसरी पिसू सोडली. बेटावर जे नकळत राहून गेलं होतं ते इथे मुद्दाम भरून काढलं.

रोग टिकण्याचा मार्ग विषाणूनेही शोधला. जो वाण सशाला दहा दिवसांत मारतो त्याला पसरायला दिवस कमी मिळतात. जो तीन-चार आठवडे आजारी ठेवतो त्याला जास्त. काही वर्षांतच ऑस्ट्रेलियात आणि ब्रिटनमध्ये मधल्या ताकदीचे वाण वरचढ झाले, आणि सशांमध्येही प्रतिकार वाढत गेला.

रानससा का सुटला

ब्रिटनमध्ये रानससेही आहेत, लेपस युरोपियस. तेही त्याच कुरणांत चरतात, आणि बिळसशाची पिसू त्यांच्या कानांवरही सापडते. तरी १९५३–५५ मध्ये त्यांच्यात रोग अगदी क्वचित दिसला. मुख्य कारण विषाणूचं, तो त्यांच्या अंगात नीट रुजत नव्हता. पण परजीवीच्या बाजूनेही एक कारण आहे आणि ते मला जास्त शिकवणारं वाटतं. रानसशाला घरटंच नाही. पिल्लं उघड्यावर, जन्मल्यावर काही दिवसांत एकमेकांपासून दूर दडून बसणारी. पिसूची अळी कुठे वाढणार? प्रौढ पिसू येईल, बसेल, रक्त पिईल, पण तिच्या पिढ्या तिथे चालत नाहीत.

एवढी एक गोष्ट कळली की कुठल्या सशावर कोणता परजीवी जास्त असेल याचा अंदाज बांधता येतो. गोचिडीला घरटं लागत नाही. ती गवताच्या पात्यावर पाय पसरून वाट बघते आणि जाणाऱ्या प्राण्याला लटकते. उघड्या गवतात दिवस काढणारा रानससा तिला आयताच मिळतो. ऊ आयुष्यभर अंगावरच असते, तिला बीळ काय आणि माळ काय, सारखंच. खरजेचा कोळीकीटक मात्र कानाच्या आतल्या कातडीवर ठाण मांडतो आणि पिंजऱ्यातल्या पाळीव सशांना फार छळतो.

विषाणूचं रुजणं मात्र कायमचं बंद राहत नाही. २०१८ मध्ये स्पेन आणि पोर्तुगालमधल्या रानसशांत या रोगाची मोठी साथ आली. विषाणूने दुसऱ्या देवीवर्गीय विषाणूचा जनुकीय तुकडा उचलला होता आणि आता तो रानसशांनाही मारत होता.

गवत, मुंगी, फुलपाखरू

ससे गेले तेव्हा ब्रिटनचे शेतकरी खूश होते. गहू वाचला. पण डोंगरउतारांवरचं गवत, जे सशांनी शतकानुशतकं कातरून ठेवलं होतं, ते वाढलं. लार्ज ब्लू नावाचं निळं फुलपाखरू आधीच कमी होतं, त्याचा हा शेवटचा फटका ठरला. त्याची अळी सुरुवातीला रानओव्याच्या जातीच्या झुडपावर वाढते, मग जमिनीवर उतरते, आणि एक लाल मुंगी तिला आपलं पिल्लू समजून वारुळात नेते. तिथे अळी मुंग्यांचीच पिल्लं खाऊन मोठी होते. जेरेमी टॉमस यांनी दाखवलं की तिला मुंगीची एकच जात चालते, आणि त्या जातीला ऊन लागून तापलेली, अगदी आखूड गवताची जमीन हवी. गवत वाढलं, जमीन गारठली, मुंगी हटली, आणि १९७९ मध्ये फुलपाखरू ब्रिटनमधून नामशेष झालं. स्वीडनहून आणून ते पुन्हा वसवावं लागलं.

फळ्यावर मी ही साखळी उलट्या बाजूने काढतो. फुलपाखरापासून सुरुवात, आणि शेवटचा बाण पिसूकडे. मुलं खडूच्या त्या एवढ्याशा ठिपक्याकडे बघत राहतात.

आमच्याकडची वही

दोन वर्षांपूर्वी थंडीत, पहाटे कॉलेजला येताना माळावरच्या रस्त्यावर एक मेलेली मादी ससा दिसली. नुकतीच गाडीखाली आलेली, अंग अजून कोमट. वनखात्याच्या ओळखीच्या गार्डना फोन केला, ते आले. गाडीत पांढरी उशीची खोळ होती, ती हातमोजे घालून तिच्यावर चढवली आणि तोंड बांधलं. कोमट असतानाच खोळीत घालणं यासाठी की अंग थंड झालं की पिसवा निघून जातात, मग नंतर मोजून काही कळत नाही. आणि हातमोजे अशासाठी की गोचिडींबद्दल निष्काळजी राहणं परवडणारं नाही. २०१६ पासून सिंधुदुर्गात माकडतापाने लोकांचे जीव घेतले आहेत, तो गोचिडींमधूनच येतो.

लॅबमध्ये ट्रेवर पांढरा कागद अंथरला. ट्यूबलाइटखाली तिचा कान पसरला तर आतून गुलाबी, शिरा दिसाव्यात इतका पातळ, आणि कडेला रांगेने मोहरीच्या दाण्यासारख्या टम्म गोचिडी. काही पोचट, नुकत्याच चिकटलेल्या. चिमट्याने तोंडाशी धरून सरळ उपटल्या, सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीत टाकल्या. मग बारीक दातांच्या फणीने, उवा काढायची असते त्या फणीने, मानेपासून शेपटीपर्यंत विंचरलं. केस, माती, कुसळं पडली. खोळ उलटी करून झटकली. दोन विद्यार्थिनींनी भिंगाखाली तासभर कागद तपासला.

एकीने वहीत लिहायला घेतलं. तारीख, जागा, ससा, मादी, वजन. गोचिडी: डावा कान ७, उजवा कान ९, मान २. मग तिने पेन थांबवलं आणि विचारलं, "सर, पिसवांच्या रकान्यात काहीच नाही मिळालं. रेघ मारू का?"

मी म्हटलं, रेघ नको. शून्य लिही.